रॅम बदलली तरी स्पेक्ट्रम पुन्हा बंद पडतो: बिघाड कुठे शोधायचा

तक्रार ठरलेली असते. माळ्यावरून काढलेला ४८के झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे ऐंशीच्या दशकातला टीव्हीला जोडायचा घरगुती संगणक, लावला की पडद्यावर रंगीत चौकटींची खिचडी दिसते आणि कॉपीराइटची ओळ काही येत नाही. खराब रॅम शोधून बदलली जाते, मशीन चालू लागतं आणि महिन्याभरात पुन्हा तीच खिचडी. या वेळी दुसराच आयसी गेलेला असतो. तो बदलला की तिसरा जातो. शेवटी ‘या जुन्या रॅममध्ये दमच नाही’ असं म्हणून मशीन परत माळ्यावर चढतं.

दम असतो. ४११६ जातीच्या रॅमला नीट वीज मिळाली तर ती वर्षानुवर्षं चालते. तिचा जीव घेतो तो बोर्डावरचा तीन व्होल्टेजचा पुरवठा. तो पुरवठा बिघडतो अडॅप्टरमुळे, सुकलेल्या कॅपॅसिटरमुळे, किंवा चालू मशीनच्या मागे कोणी जॉयस्टिकचा इंटरफेस खुपसला म्हणून. आपल्याकडे त्यात वर-खाली होणारी लाईन आणि एप्रिल-मेचं ऊन यांची भर पडते. म्हणून तपासणी भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करायची आणि रॅमपर्यंत सगळ्यात शेवटी पोचायचं.

पुढचं सगळं १९८२ च्या रबरी बटणांच्या मशीनला आणि १९८४ च्या स्पेक्ट्रम प्लसला सारखंच लागू आहे. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात परवान्यावर विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लसही याच घराण्यातला. १२८के मॉडेलची रॅम फक्त ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे तिची गोष्ट वेगळी.

टीआर४ आणि रॅम एकमेकांना कसे मारतात

अडॅप्टरमधून ९ व्होल्ट डीसी आत येतं आणि तिथून दोन वाटा फुटतात. एक वाट ७८०५ रेग्युलेटरमधून जाते आणि ५ व्होल्ट देते. दुसरी एका छोट्या कॉइलकडे जाते. टीआर४ हा ट्रान्झिस्टर ती कॉइल वेगाने चालू-बंद करतो, टीआर५ त्याला आवर घालतो, आणि त्यातून +१२ आणि −५ व्होल्ट तयार होतात. खालची १६के रॅम, म्हणजे आयसी६ ते आयसी१३ हे आठ ४११६, तिन्ही व्होल्टेज मागते. वरची ३२के रॅम, आयसी१५ ते आयसी२२, ५ व्होल्टवरच भागवते, म्हणून ती त्या मानाने कमी जाते.

−५ गेलं आणि +१२ तसंच राहिलं, तर ४११६ आतून तापतो आणि बघता बघता मरतो. हा झाला एक फेरा. दुसरा उलट्या बाजूने येतो: एखादा ४११६ आतून शॉर्ट झाला की +१२ ची लाईन ग्राउंडला बसते, सगळा भार टीआर४ वर येतो, तो जळतो आणि कधी कधी कॉइलच्या तारेवरचं इनॅमलही करपतं. म्हणजे नुसता टीआर४ बदलून मशीन लावलं, तर शॉर्ट रॅम नवा टीआर४ खाते. नुसती रॅम बदलली, तर −५ नसल्यामुळे नवी रॅम जाते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. दोन्ही बाजू एकाच बैठकीत तपासल्याशिवाय नवा पार्ट लावायचा नाही.

आधी अडॅप्टर

मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा, आत साधा ट्रान्सफॉर्मर असलेला. मोकळा मोजला तर १३ व्होल्टच्या आसपास दाखवतो. ते बघून घाबरायचं नाही आणि ‘व्होल्टेज भरपूर आहे’ म्हणून खूशही व्हायचं नाही. मोजायचं ते भार लावून. १० ओहम, १० वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर अडॅप्टरच्या पिनला जोडा. साधारण ०.९ अँपिअर वाहील. रेझिस्टर चटका बसण्याइतका तापतो, म्हणून तो फरशीवर ठेवा, टेबलक्लॉथवर नको. या स्थितीत डीसी ९ ते १०.५ व्होल्ट मिळायला हवं. मग मीटर एसी रेंजवर न्या. १ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अडॅप्टरमधला मोठा कॅपॅसिटर सुकला आहे असं समजा. एक अडचण लक्षात ठेवा: काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीसुद्धा मोजतात. लीड उलट-सुलट करून पाहा. दोन वेळा दोन वेगळे आकडे आले तर तो मीटर या कामाचा नाही.

आता लाईनचं गणित. ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरमध्ये जे आत जातं त्याच प्रमाणात बाहेर येतं. २३० ला ९ व्होल्ट देणारा अडॅप्टर १८० ला ७ व्होल्टवर येतो. ७८०५ ला ५ व्होल्ट धरून ठेवायला आत किमान ७ लागतात, आणि रिपलच्या, म्हणजे डीसीवर उरलेल्या एसीच्या लहरीच्या, दरीत तर ते ७ च्याही खाली जातं. पडद्यावर हळूहळू वर सरकणारे आडवे पट्टे आणि मधूनच आपोआप रीसेट ही त्याची खूण. शेतीपंप सुरू झाले की गावाकडे नेमकं हेच होतं. पंप बंद झाल्यावर रात्री लाईन २६० ला चढली, तर तोच अडॅप्टर भाराखाली १०.२ देतो. ७८०५ मधून ०.८ अँपिअर जातोय असं धरलं, तर ९ व्होल्टला तिथे ३.२ वॅटची उष्णता होत होती, ती आता ४.२ वॅट होते. डीपीवर न्यूट्रल सुटलं तर मग काहीच हातात राहत नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे ९ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगल्या प्रतीचा स्विचिंग अडॅप्टर, ज्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. लाईन १८० झाली तरी त्याच्या बाहेरचे ९ व्होल्ट हलत नाहीत. स्टॅबिलायझरपेक्षा हा खर्च आधी करावा. मात्र स्पेक्ट्रमच्या पिनमध्ये मधला भाग निगेटिव्ह आणि बाहेरचा पॉझिटिव्ह असतो, म्हणजे बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरच्या उलट. २.१ मिलिमीटरची पिन आत छान बसते, म्हणून पोलॅरिटी बरोबर आहे असं होत नाही. उलटी लावली तर अडवायला आत काहीही संरक्षण नाही. वायर कापून उलटी जोडा, टेप नव्हे तर श्रिंक स्लीव्ह चढवा, आणि लावण्याआधी मीटरने एकदा खात्री करा.

वीज न देता मोजायचं

मशीन उघडताना कीबोर्डच्या दोन चपट्या पट्ट्या सांभाळा. त्या सरळ वर ओढायच्या, वाकवायच्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांचं प्लास्टिक पापडासारखं झालेलं असतं.

अडॅप्टर काढलेलाच असू द्या. ४११६ ची खाच डावीकडे ठेवली की खालच्या रांगेत डावीकडून पिन १ ते ८, आणि वरच्या रांगेत उजवीकडून ९ ते १६. पिन १ वर −५, पिन ८ वर +१२, पिन ९ वर +५, आणि पिन १६ ग्राउंड. मीटर ओहमवर ठेवून १, ८ आणि ९ यांपैकी प्रत्येक पिन १६ शी मोजा. शून्य किंवा दोन-चार ओहम आले तर त्या लाईनवर शॉर्ट आहे, आणि तो निघेपर्यंत वीज द्यायची नाही. आकडा हळूहळू चढत गेला तर तो कॅपॅसिटर भरतोय, ते ठीक आहे.

शॉर्ट कुणाचा हे आठही आयसी न काढता कळतं का? ०.३ अँपिअरला मर्यादा लावता येणारा बेंच सप्लाय असेल तर त्या लाईनवर २-३ व्होल्ट सोडा आणि प्रत्येक आयसीच्या पाठीवर बोट ठेवत जा. जो कोमट लागेल तो गुन्हेगार. असा सप्लाय नसेल तर संशयिताचा फक्त पिन ८ बोर्डाजवळ कापून वर उचला आणि पुन्हा मोजा.

याच वेळी टीआर४ तपासा. डायोड रेंजवर कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांनी बीप वाजला तर तो गेला. मूळ नंबर झेडटीएक्स६५०, त्याच्या जागी झेडटीएक्स६५१ चालतो. टीआर५ झेडटीएक्स२१३ असतो. दुकानदार ‘हाच चालेल’ म्हणून दुसरा नंबर देईल, तो घेतलात तर पायांचा क्रम डेटाशीटमध्ये बघूनच लावा. तालुक्याच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात ७८०५, १एन४१४८ डायोड आणि कॅपॅसिटर हमखास मिळतात. झेडटीएक्स आणि ४११६ मात्र ऑनलाइनच मागवावे लागतात. ४११६ घेताना १५० नॅनोसेकंदाचा घ्या, आणि आठ लागणार असले तरी दोन जास्त मागवा. जुन्या मालात एखादा खराब निघतोच.

वीज देऊन मोजायचं

शॉर्ट नाही याची खात्री झाली की अडॅप्टर लावा. काळा लीड ग्राउंडला, लाल लीड आयसी६ च्या पिनांवर. पिन १ वर −४.५ ते −५.५, पिन ८ वर १०.८ ते १३.२, पिन ९ वर ४.७५ ते ५.२५ मिळालं पाहिजे. लीडचं टोक घसरून दोन पिन जोडले गेले तर तुम्हीच रॅम माराल. टोकावर स्लीव्ह चढवून फक्त एक-दोन मिलिमीटर उघडं ठेवा.

पिन ८ वर ८-९ व्होल्ट आणि पिन १ वर शून्य, ही जोडी नेहमी दिसते. अडॅप्टरचे ९ व्होल्ट कॉइलमधून तसेच पुढे जाताहेत आणि टीआर४ चालू-बंद होतच नाही, असा तिचा अर्थ. ताबडतोब वीज काढा. या अवस्थेत मशीन ‘बघू, आपोआप येतंय का’ म्हणून पाच मिनिटं चालू ठेवणं, हेच आठही ४११६ गमावण्याचं कारण ठरतं.

तिन्ही व्होल्टेज बरोबर असतील तर मिनिटभर थांबून रॅमच्या पाठी चाचपा. सगळे साधारण सारखेच कोमट लागायला हवेत. एकच चटका देत असेल तर तो बदला. यूएलए (पडद्यावरचं चित्र आणि कीबोर्ड सांभाळणारी मोठी चिप) आणि झेड८० प्रोसेसर गरम लागतात, ते नेहमीचंच.

पडदा स्वतःच आयसीचं नाव सांगतो

हा भाग जपून वाचा, कारण यात एकही जादा उपकरण लागत नाही. चालू झाल्याबरोबर रॉममधला प्रोग्राम आधी बॉर्डर, म्हणजे चित्राभोवतीची चौकट, पांढरी करतो. मग रॅमच्या प्रत्येक घरात २ हा आकडा भरतो, आणि नंतर खालपासून एकेक घर तपासत जातो. स्क्रीन हाही त्याच खालच्या रॅमचा भाग. तिथे २ भरला की काळ्या पार्श्वभूमीवर दर आठ ठिपक्यांमागे एक बारीक लाल उभी रेघ उमटते. निरोगी मशीनमध्ये हे दृश्य दोन सेकंदही टिकत नाही. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रित करा आणि थांबवून बघा.

प्रत्येक घरात आठ बिट असतात आणि खालच्या आठ आयसींपैकी प्रत्येक जण त्यातली एकेक सांभाळतो. एखाद्या आयसीची बिट कायम १ वर अडकली असेल तर त्याच दृश्याचा रंग बदलतो. रेघा लालऐवजी जांभळट-गुलाबी: आयसी६. रेघा पिवळ्या: आयसी८. पार्श्वभूमी निळी: आयसी९. सगळं लालच लाल, रेघा वेगळ्या दिसतच नाहीत: आयसी१०. पार्श्वभूमी हिरवी: आयसी११. रंग नेहमीपेक्षा उजळ: आयसी१२. पूर्ण पडदा लुकलुकतोय: आयसी१३. आणि लाल रेघाच नाहीत, नुसता काळा पडदा व पांढरी बॉर्डर: आयसी७ ची बिट शून्यावर अडकलेली असू शकते. बाकीच्यांची बिट शून्यावर अडकली तर या दृश्यात फरक पडत नाही, तिथे डायग्नोस्टिक रॉमचं कार्ट्रिज लावावं. ते थेट आयसीचा नंबर दाखवतं.

बॉर्डर पांढरीच होत नसेल तर रॅमकडे वळू नका. प्रोग्रामची पहिली पावलंच पडलेली नाहीत. झेड८० च्या पिन ११ वर ५ व्होल्ट आहे का, पिन २६ म्हणजे रीसेट वर आलाय का, पिन ६ वर ३.५ मेगाहर्ट्झचा क्लॉक आहे का, हे बघा. रीसेटचा १ मायक्रोफॅरडचा सी२७ सुकला की मशीन पहिल्या झटक्यात उठत नाही, दोन-तीनदा पिन काढून लावली की उठतं. पाच रुपयांचा कॅपॅसिटर, पण त्यापायी पिन सारखी काढ-घाल होते आणि डीसी सॉकेटचं सोल्डर तडकतं.

मशीन नीट चालू होतंय, पण मोठा गेम लोड होताना कोसळतंय? टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर ४८के पूर्ण आहे. ३२७६७ आलं तर वरची रॅम मशीनला दिसतच नाही. तेव्हा रॅमआधी आयसी२३ ते आयसी२६ हे लॉजिक आयसी तपासा. मधलाच काही आकडा आला तर वरच्या आठांपैकी एकाचं घर खराब आहे. तिथे अर्धीच चांगली असलेली ६४के रॅम बसवलेली असते, तिच्या जागी ४१६४ चालतो. पण तोच ४१६४ खालच्या रॅममध्ये थेट लावू नका. त्याला पिन ८ वर ५ व्होल्ट हवं असतं आणि तिथे +१२ बसलेलं आहे.

आयसी काढताना

बोर्डावरची तांब्याची रेघ पातळ आहे आणि तापली की उचलून येते. आयसी वाचवण्याच्या नादात बोर्ड घालवू नका. बारीक कटरने सोळाही पाय अंगाजवळ कापा, मग एकेक पाय ३५० अंशांच्या सोल्डरिंग इस्त्रीने गरम करून चिमट्याने अलगद काढा, शेवटी भोकं साफ करा. गोल पिनांचं १६ पायांचं सॉकेट लावा. एकदा सॉकेट बसलं की पुढच्या वेळी इस्त्री काढावीच लागत नाही. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. बोअरच्या पाण्याने कधीच नाही. आपल्याकडच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर पायांमध्ये पांढरे राहतात आणि पावसाळी हवेत ओल धरून गळती करतात.

उन्हाळा, कूलर आणि काळी माती

परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, बंद खोकं त्याहून बरंच तापतं. कॅपॅसिटरचा ढोबळ नियम असा की १० अंश वाढले की आयुष्य निम्मं. म्हणून बोर्डावरचे सगळे इलेक्ट्रोलिटिक एकदमच बदलावेत, आणि ८५ ऐवजी १०५ अंशांचे घ्यावेत. बोर्डावरचा छाप काही ठिकाणी दगा देतो, तेव्हा जुन्याची प्लस बाजू फोटोत टिपून मगच तो काढा. ७८०५ च्या जागी त्याच तीन पायांत बसणारा ५ व्होल्टचा, १ अँपिअर किंवा त्याहून मोठा स्विचिंग रेग्युलेटर लावला तर खोक्यातली सगळ्यात मोठी शेगडीच विझते. मूळपण जपायचं असेल तर ७८०५ ठेवा, पण त्याच्या आणि हीटसिंकच्या मधली सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावा.

मशीन डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवू नका. गार वाटतं, पण त्या वाऱ्यात बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार असतात. काळ्या मातीचा धुरळा आधीच बोर्डावर बसलेला, त्यावर ही खारी ओल. यूएलएच्या सॉकेटमध्ये हिरवट थर येतो आणि मशीन ‘थंड असताना चालतं, तापलं की अडकतं’ असं वागू लागतं. यूएलए दोन्ही टोकांनी थोडा थोडा उचलून काढा, पाय आणि सॉकेट अल्कोहोलने पुसा, सरळ दाबून बसवा. नवा मूळ यूएलए आता बनत नाही, म्हणून पाय मुडू देऊ नका.

कीबोर्डचं दुखणं ओळखायला सोपं. १, ०, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट आणि स्पेस एकत्र मेले तर पाच रेघांच्या पट्टीतली एक रेघ तुटली. १ ते ५ किंवा क्यू ते टी असा सलग पाचांचा गट मेला तर आठ रेघांची पट्टी, किंवा डी१ ते डी८ मधला एक १एन४१४८. पट्टी टोकाशी तडकली असेल आणि लांबी पुरत असेल तर ५ मिलिमीटर कापून पुन्हा बसवता येते, नाहीतर नवी मेंब्रेन, म्हणजे कीबोर्डखालची पट्ट्यांसकटची प्लास्टिकची चादर, घ्या.

लाईट गेली की अडॅप्टरची पिन काढून ठेवा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा. मागच्या पट्टीवर काहीही लावायचं किंवा काढायचं असेल तर आधी पिन बाहेर. टीआर४ मरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण ही चालू मशीनमधली घाई आहे. मागच्या कडेचे संपर्क पांढऱ्या खोडरबराने घासून अल्कोहोलने पुसावेत, म्हणजे इंटरफेस हलवून हलवून बसवावा लागत नाही.

दुरुस्तीनंतर झाकण लावून मशीन भर दुपारी दोन तास चालू ठेवा, मग झाकण उचलून आयसी६ वर तिन्ही व्होल्टेज पुन्हा मोजा. आकडे आणि तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी −५ चं −४.६ झालेलं दिसलं, तर रॅम जायच्या आधीच कॅपॅसिटर बदलता येतो.